किसुमूला मुक्काम ठेवून व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी एका दिवसाच्या सहली

प्रश्न : दादरकर

नमस्कार मंडळी. माझी धाकटी मुलगी गेल्या वर्षभरापासून पश्चिम केनियातील किसुमू येथे आरोग्यविषयक एका प्रकल्पात काम करीत आहे. येत्या जानेवारीच्या अखेरीस मी व माझी पत्नी बारा दिवसांसाठी तिच्याकडे जाणार आहोत. केनिया म्हटले की नातेवाईक आणि प्रवासी कंपन्या एकमुखाने मसाई माराचे नाव घेतात. परंतु आम्हाला सिंहांच्या मागे जीपमधून धावण्याची हौस नाही, आणि मुलीला शनिवार-रविवारखेरीज सुट्टी मिळत नसल्याने तिला एकटीला ठेवून चार-चार दिवस दूर जाण्याचीही इच्छा नाही. किसुमूलाच मुक्काम ठेवून, सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल अशी सरोवराच्या परिसरातील ठिकाणे आम्हाला पाहायची आहेत.

आमच्या मर्यादाही सांगून ठेवतो. मी ६४ वर्षांचा आहे आणि पत्नी ६१ वर्षांची. तिचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती तासभर सहज चालते, पण चढ आणि पायऱ्या शक्यतो टाळाव्या लागतात. ती शाकाहारी आहे. मी मूळचा मालवणचा असल्याने माशांच्या बाबतीत माझी काळजी करण्याचे कारण नाही. मुलीच्या ओळखीचा एक चालक गाडीसह मिळू शकेल, त्यामुळे वाहनाचा प्रश्न नाही.

इंटरनेटवर शोधले असता प्रत्येक यादीत तीच आठ-दहा नावे आढळतात. मात्र कोणत्या ठिकाणाला किती वेळ लागतो, वाटेत काय लागते, आणि कोणते ठिकाण सोडले तरी हळहळ वाटणार नाही, हे कोणीच सांगत नाही. त्या भागात प्रत्यक्ष राहिलेल्या कोणी मार्गदर्शन केल्यास उपकार होतील. सरोवरात होडीतून जाणे आमच्या वयाच्या माणसांना कितपत सुरक्षित आहे, हेही कृपया लिहावे.


उत्तर : ऊसमळा

दादरकर साहेब, तुमचा प्रश्न वाचून जुने दिवस आठवले. किसुमूच्या पूर्वेला उसाचा मोठा पट्टा आहे आणि तेथील एका साखर कारखान्यात मी सहा वर्षे यंत्रविभागात नोकरी केली. आता मुलुंडला असतो. आपल्याकडच्या साखरधंद्यातील अनेक माणसे त्या भागात जाऊन आलेली आहेत, त्यामुळे मुलीकडे गेल्यावर तुम्हाला एखादा सांगलीकर किंवा कोल्हापूरकर भेटला तर आश्चर्य मानू नका.

प्रथम एक गैरसमज दूर करतो, कारण मी स्वतः त्याला बळी पडलो होतो. व्हिक्टोरिया सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक. हा आकडा डोक्यात ठेवून माणूस किसुमूच्या काठावर उभा राहतो आणि समोर क्षितिजापर्यंत पाण्याची अपेक्षा करतो. प्रत्यक्षात समोर पलीकडचे डोंगर दिसतात. किसुमू हे मुख्य सरोवरावर नसून विनाम आखात नावाच्या, जमिनीत लांबवर शिरलेल्या एका फाट्याच्या अगदी टोकाला आहे. सरोवराचा जेमतेम सहा टक्के भाग केनियाच्या वाट्याला आला आहे. उरलेला युगांडा आणि टांझानियाकडे आहे. त्यामुळे समुद्रासारखे अथांग पाणी पाहायचे असेल तर आखाताच्या मुखापर्यंत, म्हणजे म्बिटापर्यंत जावे लागते. या भागातले लुओ लोक या सरोवराला ‘नाम लोल्वे’ म्हणतात.

दुसरी गोष्ट वेळेची. सकाळी आखाताचे पाणी तेल ओतल्यासारखे स्थिर असते. जमीन तापली की सरोवराकडून वारा सुरू होतो, दुपारनंतर लाटा उठतात, ढग भरून येतात आणि पाहता पाहता वादळी सर कोसळते. म्हणून होडीचा कार्यक्रम असेल तर उजाडताच निघावे आणि दुपारच्या जेवणापूर्वी काठावर परत यावे, हा नियम मी सहा वर्षे पाळला. विषुववृत्तावर दिवस-रात्रीत ऋतूप्रमाणे फरक पडत नाही; बाराही महिने साडेसहाच्या सुमारास उजाडते आणि पावणेसातच्या सुमारास मावळते.

हा नियम शिकण्यासाठी मला एक सहल गमवावी लागली. स्वाहिली घड्याळ आपल्यासारखे मध्यरात्रीपासून सुरू होत नाही, सूर्योदयापासून सुरू होते; सकाळचे सात म्हणजे त्यांचा ‘एक’, आठ म्हणजे ‘दोन’. मी नवखा होतो, थोडीफार स्वाहिली शिकल्याचा अभिमानही होता, आणि एका होडीवाल्याशी ‘सा म्बिली’ला, म्हणजे दोन वाजता, भेटण्याचे ठरवले. तो बिचारा सकाळी आठपासून ताटकळला आणि कंटाळून निघून गेला. मी दुपारी दोनला पोहोचलो तेव्हा दुसरा एक जण मिळाला खरा, पण अर्ध्या वाटेत वारा सुटला, होडीत पाणी येऊ लागले, आणि होडीत एकही लाइफ जॅकेट नाही हे माझ्या तेव्हा लक्षात आले. तात्पर्य एवढेच, की वेळ ठरवताना ‘सकाळी’ हा शब्द स्पष्टपणे उच्चारावा आणि जॅकेट अंगावर चढवल्याशिवाय होडीत पाय ठेवू नये. त्या दोन अटी पाळल्यास किसुमूला लागून असलेल्या डुंगा या किनाऱ्याजवळची तासाभराची फेरी तुमच्या वयाला मुळीच अवघड नाही.

आता ठिकाणे. पश्चिमेकडची सहल सर्वांत सोपी आहे. बोंडोच्या रस्त्याने सुमारे तीस किलोमीटरवर किट मिकायी नावाचा प्रचंड शिळांचा ढीग आहे. एकावर एक रचून ठेवल्यासारखे ग्रॅनाइटचे धोंडे, आणि त्यांच्या पोटात गुहा. ‘किट’ म्हणजे दगड आणि ‘मिकायी’ म्हणजे थोरली बायको. कथा अशी सांगतात, की एक म्हातारा रोज या गुहेत येऊन दिवसभर बसत असे आणि त्याची बायको तिथेच त्याला जेवण आणून देत असे. तो कुठे आहे असे कोणी विचारले की ती म्हणे, गेला आपल्या थोरलीकडे! लुओ समाजात बहुपत्नीकत्वाची चाल होती आणि घराच्या आवारात थोरलीच्या झोपडीचे स्थान ठरलेले व मानाचे असे. हे ठाऊक असले म्हणजे त्या उत्तरातील टोमणा नीट कळतो. लेजिओ मारिया या स्थानिक ख्रिस्ती पंथाचे भाविक येथे प्रार्थनेसाठी येतात, आणि गावातील स्त्रिया पाहुण्यांसाठी गाणी म्हणतात. वहिनींनी खालच्या सपाट भागात बसून ती गाणी ऐकावीत. शिळांच्या फटींतून वर चढण्याचा आग्रह वाटाड्या करतो, तो नम्रपणे नाकारावा.

परतताना किसियानच्या तिठ्यावरून बुसियाच्या रस्त्याला वळलात तर मासेनो येथे विषुववृत्ताची खूण आहे. छायाचित्रापुरते पाच मिनिटे थांबावे. विषुववृत्तावर काही ठिकाणी भांड्यातले पाणी रेषेच्या अलीकडे एका दिशेने आणि पलीकडे दुसऱ्या दिशेने फिरवून दाखवण्याचा खेळ चालतो. पृथ्वीच्या फिरण्याचा इतक्या लहान भांड्यावर आणि दहा पावलांच्या अंतरात तसा परिणाम होत नाही, सगळी करामत पाणी ओतणाऱ्याच्या हाताची असते. तरीही त्याला चार शिलिंग द्यायला हरकत नाही. खेळ चांगला करतात.

दक्षिणेची सहल मला स्वतःला अधिक प्रिय आहे आणि तिला पूर्ण दिवस द्यावा. किसुमूहून आधी पूर्वेला अहेरोपर्यंत जायचे. तेथे पाटबंधाऱ्याच्या पाण्यावर भाताची शेती आहे, बांधांवर बगळे उभे असतात, मागे नांदीचा कडा दिसतो, आणि क्षणभर आपण कर्जतच्या अलीकडे गाडीत आहोत असे वाटते. तेथून काटिटोमार्गे केंडू बे. हे एके काळी भारतीय व्यापाऱ्यांचे गाव होते. स्वाहिलीत दुकानाला ‘डुका’ म्हणतात, पैशाला ‘पेसा’, आणि चपातीला ‘चपाती’च, हे शब्द नेणाऱ्या माणसांचे जग अशा लहान बंदरांतच वसले होते.

केंडू बेपासून थोड्याच अंतरावर सिंबी न्याइमा हे ज्वालामुखीच्या मुखात साचलेले तळे आहे. मुख्य सरोवर अगदी जवळ, तरी या तळ्याला दिसेल असा ओढा येऊन मिळत नाही की त्यातून बाहेर पडत नाही. पाणी खारट-सोडायुक्त आणि शेवाळामुळे दाट हिरवे. आपल्या लोणारची आठवण होते, फक्त ते उल्केने झाले आणि हे ज्वालामुखीने. नावाचा अर्थ ‘बुडालेले सिंबी’. गावात नाचगाण्याची रात्र चालू असताना थंडीने कुडकुडणारी एक म्हातारी आली, सर्वांनी तिला हाकलले, एका बाईने मात्र ऊब दिली. म्हातारीने तिला गाव सोडण्यास सांगितले आणि मग असा पाऊस पडला की गाव जागेवरच खचून बुडाले, असे सांगतात. कधी येथे रोहित पक्ष्यांचे थवे असतात, कधी एकही नसतो. तळ्याच्या काठापर्यंत गाडी जात असल्याने गुडघ्यांना त्रास नाही. पुढे होमा बेपर्यंत जाऊन जेवण करून परत यावे. किसुमू ते होमा बे हे अंतर सुमारे १०५ किलोमीटर आहे.

सोडले तरी चालेल असे ठिकाण विचारलेत, म्हणून सांगतो. बराक ओबामा यांच्या वडिलांचे गाव न्यांगोमा कोगेलो हे प्रत्येक यादीत असते. ज्या आजींमुळे ते घर जगप्रसिद्ध झाले, त्या सारा ओबामा २०२१ मध्ये वारल्या. गाव शांत आणि सुंदर आहे, परंतु केवळ त्यासाठी दिवस खर्च करू नये. त्यापेक्षा केनियाचे राजकारण समजून घेण्याची आवड असेल तर बोंडोला जावे. स्वातंत्र्यलढ्यातील नेते जारामोगी ओगिंगा ओडिंगा यांची समाधी तेथे आहे, आणि त्यांचे पुत्र, माजी पंतप्रधान रायला ओडिंगा यांनाही तेथेच पुरले. रायला यांचे निधन १५ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या केरळात झाले. ते उपचारांसाठी आले होते. तुम्ही भारतीय आहात हे कळल्यावर तेथील माणसे तो विषय काढण्याचा संभव आहे. हळवा विषय आहे, जपून बोलावे.


उत्तर : पाणथळ

ऊसमळा यांनी दूरची ठिकाणे सविस्तर सांगितली, पण किसुमूच्या दारातले डुंगा त्यांनी होडीच्या फेरीपुरते उरकले, ही माझी तक्रार समजावी. शहराच्या मध्यापासून डुंगाचा किनारा अगदी जवळ आहे. मासेमारांची वस्ती, काठावर ओढून ठेवलेल्या रंगीत होड्या, जमिनीवर पसरलेल्या जाळ्यांवर वाळत घातलेली ‘ओमेना’ ही मांदेलीपेक्षाही बारीक चांदीसारखी मासळी आणि तिचा तो वास! वर्सोव्याच्या कोळीवाड्यात जवळा वाळताना ज्याने पाहिला आहे, त्याला येथे परके वाटणारच नाही.

परंतु मी तेथे दोनदा गेलो तो पपायरसच्या दलदलीसाठी. पाण्यातून माणसाच्या दुप्पट उंचीपर्यंत वाढणारी ही लव्हाळ्याच्या कुळातील वनस्पती, आणि केवळ तिच्याच दाटीत राहणारे काही पक्षी आहेत. काळा, किरमिजी आणि पिवळा अशा तीन भडक रंगांचा पपायरस गोनोलेक हा त्यांपैकी सर्वांत देखणा. तो दिसण्याआधी ऐकू येतो. जोडीने साद-प्रतिसाद देतो. पहाटे साडेसहा ते साडेआठ ही वेळ गाठली तर होडीतून, दलदलीच्या कडेने संथ जात असताना, तो दिसण्याची चांगली आशा असते. बाराही महिने पक्षी पाहता येतात, पण तुमचा जानेवारीचा काळ कोरडा असल्याने विशेष सोयीचा आहे. मार्च ते मे या काळात मोठा पाऊस असतो.

तेथे पाण्यावर जलपर्णीचे हिरवे बेट वाऱ्यासोबत या काठावरून त्या काठावर सरकताना दिसेल. पवईच्या तलावात किंवा उल्हास नदीत आपण जी पाहतो तीच ही, मूळची दक्षिण अमेरिकेतली. व्हिक्टोरिया सरोवरात ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस आढळली आणि १९९० च्या दशकात तिने किसुमूचे बंदर अक्षरशः कोंडले. एखाद्या सकाळी ती डुंगाच्या धक्क्यापाशी येऊन बसली तर होडी निघत नाही. अशा वेळी हट्ट करू नये. संध्याकाळी काठावर एकटे फिरण्याचाही मोह टाळावा, कारण अंधार पडू लागला की पाणघोडे चरण्यासाठी पाण्याबाहेर येतात. दिवसा होडीतून पाहतानादेखील नावाडी जे अंतर ठेवील ते मान्य करावे. अजून जवळ ने, असे सांगणारे पर्यटक मी पाहिले आहेत आणि ते बहुधा आपलेच असतात.

दुसरी सहल काकामेगाच्या जंगलाची. किसुमूहून उत्तरेला काकामेगा शहर सुमारे ५० किलोमीटर. रस्ता चढत जातो, विषुववृत्त ओलांडतो, आणि मारागोलीच्या मोठमोठ्या धोंड्यांमधून वर येताच हवा गार होते. एके काळी काँगोपासून पसरलेल्या वर्षावनाचा हा पूर्वेकडे उरलेला तुकडा आहे, म्हणून येथे जे पक्षी आणि फुलपाखरे दिसतात त्यांतील कित्येक केनियात अन्यत्र दिसत नाहीत. ग्रेट ब्लू टुराको हा निळा, जवळजवळ कोंबड्याएवढा पक्षी झाडाच्या शेंड्यावर धावत जाताना पाहिला की पक्ष्यांची आवड नसलेला माणूसही मान वर करून उभा राहतो. जंगलातल्या मुख्य पायवाटा बऱ्याच सपाट आहेत. फक्त टेकडीवर जाऊन सूर्योदय पाहण्याचा कार्यक्रम तुमच्या पत्नीसाठी नाही. प्रशिक्षित स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावाच. वाटेत इलेसी येथे ‘रडणारा दगड’ रस्त्यावरूनच दिसतो, त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.


उत्तर : लाल डबा

वरील दोघांचा अनुभव मोठा आहे, तरी एका बाबतीत मी असहमत आहे. रोज संध्याकाळी किसुमूला परतण्याची अट दादरकरांनी निदान एका शनिवारपुरती शिथिल करावी. मुलीलाही सोबत घ्यावे आणि म्बिटाला एक रात्र राहावे. ऊसमळा स्वतःच म्हणतात की खरे सरोवर म्बिटापाशी सुरू होते. मग बारा दिवस राहून ते न पाहता परतणे म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेवरूनच मागे फिरण्यासारखे आहे.

जाताना आखाताला वळसा घालणारा लांब रस्ता घेऊ नका. उत्तर काठाने लुआंडा कोटिएनो या गावी जावे. तेथून गाड्या आणि माणसे एकत्र नेणारी फेरी बोट आखात ओलांडून सुमारे तासाभरात म्बिटाला पोहोचवते. आपल्याकडच्या दाभोळ-धोपावे फेरीचा मोठा अवतार समजा. त्या दिवशीचे वेळापत्रक चालकाकडून आदल्या दिवशी विचारून घ्यावे. परतताना होमा बेमार्गे रस्त्याने आलात तर सिंबी न्याइमाही त्याच फेरीत होते, म्हणजे दक्षिणेसाठी वेगळा दिवस लागत नाही.

म्बिटाला लागूनच रुसिंगा बेट आहे आणि पुलावरून गाडी थेट बेटावर जाते. एवढ्याशा बेटावर दोन गोष्टी आहेत, ज्यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. येथे १९४८ मध्ये जीवाश्मांच्या संशोधक मेरी लीकी यांना ‘प्रोकॉन्सल’ या सुमारे १ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या कपिवर्गीय प्राण्याची कवटी सापडली. आणि याच बेटावर टॉम म्बोया यांची समाधी आहे. कामगार संघटनांमधून पुढे आलेला हा तरुण मंत्री ५ जुलै १९६९ रोजी नैरोबीत गोळीबारात मारला गेला, तेव्हा त्याचे वय अवघे ३८ होते. समाधीची इमारत बंदुकीच्या गोळीच्या आकाराची आहे. शेकडो केनियन विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी अमेरिकेला पाठवण्याची १९५९ पासूनची मोहीम त्याचीच. मी गेलो तेव्हा तेथे आणखी कोणीही नव्हते. एका वृद्ध माणसाने कुलूप उघडले आणि तासभर तो बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्फांगानो बेटावर जाऊन आदिम काळातील शैलचित्रे पाहता येतात, परंतु होडी आणि नंतरची चढण पाहता वहिनींना ते झेपेल असे वाटत नाही. त्यांच्यासाठी रुमा राष्ट्रीय उद्यान बरे. लांब्वे खोऱ्यातली १२० चौरस किलोमीटरची ही गवताळ जमीन. येथे सिंहांची गर्दी नाही आणि जीपगाड्यांचीही नाही. रोन नावाचे मोठे हरीण केनियात आता केवळ येथेच उरले आहे. जिराफही आहेत. सगळे गाडीत बसून पाहायचे असते. एक सूचना: तेथे त्सेत्से माश्या आहेत आणि त्या गडद निळ्या व काळ्या रंगाकडे आकर्षित होतात, इतक्या की त्यांना पकडण्याचे सापळेही निळ्या कापडाचे असतात. म्हणून त्या दिवशी जीन्स घालू नये.

थिमलिच ओहिंगा हे दगडांच्या कोरड्या रचनेचे, चुन्याविना उभे असलेले जुने तटबंदीचे वसतिस्थान २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यामुळे त्याचा मोह होईल. किसुमूहून एका दिवसात जाऊन येण्याच्या फंदात मात्र पडू नका. मी पडलो होतो, आणि त्या दिवसातला मोठा भाग गाडीच्या खिडकीतून धूळ खाण्यात गेला.


दादरकर :

आपण सर्वांनी इतके आपलेपणाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. म्बिटाच्या एका रात्रीची कल्पना मुलीला कळवली आणि तिने लगेच होकार दिला, त्यामुळे लाल डबा यांचा विजय झाला आहे. आता तीन शंका उरतात. पिवळ्या तापाची लस आणि हिवतापाच्या गोळ्या यांबद्दल येथे प्रत्येक जण वेगळे सांगतो. दुसरी, पत्नीच्या जेवणाची. ती बरोबर थालिपिठाची भाजणी आणि लोणचे घेऊन जाण्याच्या विचारात आहे. आणि तिसरी माझी स्वतःची: सरोवरात पाय बुडवण्याची इच्छा आहे, ती पुरी करावी काय?


उत्तर : स्टेथोस्कोप

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर एका शब्दात आहे: नको. काठाच्या उथळ, वनस्पती असलेल्या पाण्यात गोगलगायी असतात आणि त्यांच्यातून बाहेर पडणारे बिल्हार्झिया या रोगाचे सूक्ष्म जंतू अखंड त्वचेतूनही शरीरात शिरतात. त्यासाठी जखम असावी लागत नाही. भारतात हा रोग जवळपास माहीतच नाही. त्याचे जे एक ठिकाण वैद्यकीय वाङ्मयात नोंदले गेले ते, योगायोग असा, की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी हे गाव. म्हणूनच परत आल्यावर आपल्याकडच्या डॉक्टरांच्या तो चटकन लक्षात येत नाही. चुकून पाय भिजलेच तर घाबरू नये. प्रॅझिक्वांटेल हे परिणामकारक औषध आहे, फक्त तेथे पाण्यात गेलो होतो ही गोष्ट डॉक्टरांना सांगावी.

पिवळ्या तापाचे प्रमाणपत्र हा नियमाचा भाग आहे. केनियाहून भारतात उतरताना ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते आणि नंतर ते आयुष्यभर चालते, त्यामुळे आदल्या आठवड्यापर्यंत थांबू नये. मात्र आपण दोघेही साठीच्या पुढचे आहात आणि या वयात प्रथमच ही लस घेताना दुष्परिणामांचा धोका थोडा अधिक असतो. म्हणून अधिकृत लसीकरण केंद्रात जाताना चालू औषधांची यादी सोबत न्यावी आणि तेथील डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे.

हिवतापाबाबत मतभेदाला जागा नाही. नैरोबी उंचावर असल्याने तेथे धोका कमी आहे, पण सरोवराकाठी बाराही महिने हिवताप असतो आणि तो बहुतांशी फाल्सिपेरम या घातक प्रकारचा असतो. कोणती गोळी आणि किती दिवस, हे आपला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांची औषधे पाहूनच ठरवले जाते. परतल्यानंतरही ठरलेले दिवस ती चालू ठेवावी लागते. येथे आल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर तो मुंबईचा नेहमीचा व्हायरल समजून अंगावर काढू नये, त्याच दिवशी रक्त तपासावे.


उत्तर : ऊसमळा

जेवणाची काळजी नको. साध्या खाणावळीत जाऊन ‘चपाती एनडेंगू’ मागावे. एनडेंगू म्हणजे हिरवे मूग, आणि चपाती आपल्यापेक्षा जाड, पराठ्याच्या जवळ जाणारी. ‘सुकुमा विकी’ ही कांदा-टोमॅटोवर परतलेली पालेभाजी सर्वत्र मिळते, तिच्यासोबत मक्याच्या पिठाची घट्ट उकड, म्हणजे उगाली. भाजी मांसाच्या रश्श्यात तर शिजवलेली नाही ना, हे मात्र विचारावे. भाजणी न्यावी, पण ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये. २०१७ पासून केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, आणि रुमासारख्या राष्ट्रीय उद्यानांत पाण्याची एकदाच वापरायची बाटलीदेखील चालत नाही. डबे आणि कापडी पिशव्या वापराव्यात.

तुम्ही मालवणचे, म्हणून माशांबद्दल चार ओळी अधिक. तेथे ‘म्बुटा’ नावाने मिळणारा नाईल पर्च हा आपल्या जिताड्याच्याच वंशातला आहे. तुकडा हातात घेतल्यावर तुम्हाला सांगावे लागणार नाही. सरोवरात तो मूळचा नाही, १९५० च्या दशकात आणून सोडलेला आहे, आणि त्याने तेथील लहान माशांच्या शेकडो जाती फस्त केल्या. त्याच वेळी काठावरच्या हजारो घरांची चूलही त्याच्यावर पेटू लागली. त्यामुळे त्याच्याविषयी काय वाटून घ्यावे हे मला आजवर ठरवता आलेले नाही. ‘एनगेगे’ म्हणजे तिलापिया, मुंबईच्या बाजारातली चिलापी. मात्र तेथे काठावर अख्खी तळून, वर टोमॅटो-कांद्याचा रस्सा घालून उगालीबरोबर देतात तशी चिलापी मुंबईत मी खाल्ली नाही.

पाय बुडवता येत नाहीत याचे वाईट वाटून घेऊ नका; त्याऐवजी म्बिटाची रात्र ठरवताना भिंतीवरचे पंचांग पाहा. ओमेना पकडणारे मासेमार काळोख्या रात्री दिवे लावून सरोवरात जातात, कारण चांदणे असले की मासळी दिव्याकडे येत नाही. अमावास्येच्या मागेपुढे काठावर बसलात तर समोरच्या अंधारात दिव्यांची अशी रांग दिसते की पाण्यात कोणी गाव वसवला आहे असे वाटावे. साधारण त्याच दिवसांत सरोवरातून चिलटांचे थवे धुरासारखे उठतात. ती चावत नाहीत, परंतु दिव्याखाली ताट घेऊन बसलात तर उगालीत पडतात, म्हणून त्या रात्री जेवण लवकर, उजेड असतानाच आटोपून घ्यावे आणि मग खुर्च्या बाहेर काढाव्यात.


दादरकर :

पंचांग पाहिले.  अमावास्येला सर्वांत जवळच्या शनिवारी म्बिटाला जात आहोत.